आजीची ‘गृहीतागमा’ पदवी आणि धोब्याचा हिशेब : विद्यापीठाच्या जुन्या दप्तरात माणूस शोधायचं कसं?

सांगलीकर_मुक्काम_डोंबिवली :

नमस्कार मंडळी. सांगलीचं घर विकायला काढलंय. गेल्या महिन्यात मी आणि भाऊ चार दिवस तिथे राहून माळा रिकामा केला. तांब्याची घंगाळी, मोडका पाळणा, पंचांगांचे गठ्ठे वगैरे नेहमीचंच. पण एका ट्रंकेत बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा निघाला आणि त्यात लाल फडक्यात गुंडाळलेला एक जाड कागद. चार घड्या घातलेला. उलगडला तर आजीचं पदवीचं प्रमाणपत्र. आजी म्हणजे वडिलांची आई.

कागदावर वरती लांबलचक नाव आहे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी आणि पुढे भारतवर्षीय महिला विद्यापीठ. मधोमध ठळक अक्षरात ‘गृहीतागमा’. त्याखाली ‘महिला पाठशाला, पुणें’. खाली दोन सह्या. एकीवर शाई पसरली आहे, दुसरी कोणाची ते लागत नाही. आणि साल बरोब्बर घडीवर आलंय. १९२ इतकं दिसतं, पुढचा आकडा कसरीने खाल्ला आहे. एवढा मोठा कागद सोडून तिला तोच आकडा मिळाला!

आजी शिकलेली होती हे माहीत होतं. पण घरात ‘कर्व्यांच्या शाळेत होती’ एवढंच बोललं जायचं. आजोबा चेष्टेत म्हणायचे, आमच्याकडे घरकामाची पदवीधर आहे. वडीलही तेच म्हणायचे. मी अकरा वर्षांची असताना, १९८१ मध्ये, ती गेली. मला आठवते ती भिंग लावून पेपर वाचणारी आणि दूधवाल्याच्या हिशेबातली चूक वही हातात न घेता पकडणारी.

आता प्रश्न. ही खरोखर विद्यापीठाची पदवी आहे का? ‘पाठशाला’ लिहिलंय, म्हणजे शाळाच ना? साल कसं काढायचं? आणि सगळ्यांत मोठी अडचण नावाची. प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आहे, ते एका नदीचं. लग्नात ते बदलून देवीचं ठेवलं. आडनाव अर्थातच बदललं. आम्ही तिला ज्या नावाने ओळखतो त्यातला एकही शब्द या कागदावर नाही. एका ग्रंथालयात फोन केला होता, तर पलीकडून ‘तुम्ही संशोधक आहात का, मार्गदर्शकाचं पत्र आहे का’ असं विचारलं. मी बँकेत नोकरी करते. माझा मार्गदर्शक कोण?

भाऊ म्हणतोय प्रमाणपत्र लॅमिनेट करून फ्रेम करू. मला धीर होत नाहीये. डब्यात टाचणी लावलेल्या सतरा चिठ्ठ्याही आहेत, पण त्यावर धोब्याचा हिशेब आहे (धोतरं ४, लुगडी ३ असं), त्यामुळे त्या काही उपयोगाच्या नाहीत. आजीचं अक्षर म्हणून ठेवल्या आहेत इतकंच.


नाशिकचा_नाना :

गृहीतागमा म्हणजे गृहशास्त्राची पदवी. आताच्या होम सायन्ससारखी. तुमचे आजोबा बरोबर म्हणत होते. बी.ए. वगैरे समजू नका.


रुमाल_उलगडा :

नाना, रामराम. पण इथे तुम्ही घसरलात, आणि तुमच्यासोबत ताईंचे आजोबाही.

‘गृह’ नव्हे, ‘गृहीत’. गृहीत म्हणजे ग्रहण केलेलं. आगम म्हणजे शास्त्र, विद्या. जिने विद्या ग्रहण केली ती गृहीतागमा. घराचा, चुलीचा, पोळपाटाचा काही संबंध नाही. इंग्रजीत लिहिताना जी.ए. लिहीत, म्हणजे ग्रॅज्युएट इन आर्ट्स. संस्कृत शब्द असा निवडला की आद्याक्षरं जुळावीत. त्याच्या वरची पदवी प्रदेयागमा, पी.ए. जिची विद्या आता दुसऱ्याला देण्याजोगी झाली ती. विभावरी शिरूरकर या नावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर, माहेरच्या बाळूताई खरे, याच विद्यापीठात शिकल्या. न. चिं. केळकरांच्या कन्या कमलाबाई देशपांडे इथल्याच जी.ए., आणि नंतर त्यांनी प्रागला जाऊन डॉक्टरेट केली. तेव्हा घरकामाची पदवी म्हणणाऱ्यांनी जरा बेतानं.

ताई, मी एका विद्यापीठाच्या अभिलेख विभागात ३१ वर्षं काढली. कुठल्या ते सांगत नाही, कारण तिथल्या वाळवीबद्दल मी पुढे बोलणार आहे. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण बस्ता (फडक्यात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा) दिसला की गाठ सोडावीशी वाटते. म्हणून लांबलचक लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी भावाला आवरा. लॅमिनेशन करू नका. उष्णतेने प्लॅस्टिक आणि डिंक कागदात शिरतात आणि पुढच्या शंभर वर्षांत कोणी कितीही हुशार निघाला तरी ते वेगळं करताना कागद जातो. सेलोटेपही नको. चिकटपट्टीचा डाग पिवळा होतो आणि अक्षर घेऊन जातो. प्रमाणपत्र उलगडून दोन स्वच्छ कोऱ्या कागदांत ठेवा, वर जाड पुस्तकं ठेवा, आठ दिवस विसरून जा. इस्त्री अजिबात नको, मला विचारलंय लोकांनी. घडी तडकत असेल तर जितकी उघडते तितकीच राहू द्या. मग पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात सरकवा. पीव्हीसीची स्वस्त पाकिटं मिळतात ती घेऊ नका, ती काही वर्षांनी चिकट होतात. भिंतीवर लावायची हौस असेल तर चांगला फोटो काढून तो फ्रेम करा. भाऊही खूश, कागदही खूश.

आता साल. तुमच्या कागदाने निम्मं काम आधीच केलंय. धोंडो केशव कर्वे यांनी १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. त्याआधी जपानच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. १९१६ मध्ये हिंगण्याला विद्यापीठ सुरू झालं, कॉलेजात पाच विद्यार्थिनी. बाकीच्या विद्यापीठांत सगळं इंग्रजीतून चाले, इथे शिक्षण आणि परीक्षा मातृभाषेतून आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. पण तेव्हा नाव नुसतंच महिला विद्यापीठ होतं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं. (रक्कम एकदम हातात आली नाही. साडेतीन टक्क्यांनी होणारं व्याज, वर्षाला ५२,५०० रुपये, असं ते यायचं होतं. या व्याजावरून पुढे बरीच पत्रापत्री झाली, तो वेगळा धागा होईल.) म्हणजे ज्या कागदावर नाथीबाईंचं नाव आहे तो १९२० च्या आधीचा असूच शकत नाही. लग्न कधी झालं ते विचारा, म्हणजे दुसरी बाजूही थोडी आवळता येईल. थोडीच म्हणतो, कारण एकदा माहेरच्या नावाने नोंद झाली की लग्नानंतरही परीक्षेच्या कागदांत तेच नाव चालू राहिलेलं मी पाहिलंय.

‘पाठशाला’ म्हणजे शाळा नव्हे. महिला पाठशाला हे कॉलेजचं नाव होतं. शाळेला महिलाश्रम म्हणत. आज कर्वे रस्त्यावर जे एस.एन.डी.टी.चं (म्हणजे याच नाथीबाईंच्या नावाच्या विद्यापीठाचं) कॉलेज आहे ते त्याच पाठशालेचं पुढचं रूप.

सह्यांबद्दल अंदाज बांधू नका, एवढी विनंती. सुरुवातीचे कुलपती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि कुलगुरू रँग्लर परांजपे होते हे खरं, पण तुमच्या कागदावर तेच असतील असं नाही. मोठं नाव दिसावं असं वाटलं की डोळ्याला ते दिसायला लागतं. आमच्याकडे एक गृहस्थ एका बिलावरची कारकुनाची सही टिळकांची म्हणून वर्षभर घेऊन फिरत होते.

आता शोध. लोक अभिलेखागारात येतात आणि म्हणतात, ‘आमच्या आजीची माहिती द्या’. माहिती नावाची फाईल नसते हो. असतं ते रजिस्टर, इतिवृत्त, आवक-जावक, कीर्द-खतावणी, वार्षिक अहवाल, देणगीदारांच्या याद्या. तुम्ही अर्ज करताना एका पानात लिहा : माहेरचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, सासरचं नाव, सालाची मर्यादा, आणि नेमकं काय पाहायचंय. ‘१९२० ते १९२९ या वर्षांचे वार्षिक अहवाल आणि परीक्षेच्या निकालाच्या याद्या’ असं लिहिलं की समोरच्याला उठून कपाट उघडावं लागतं. ‘माहिती’ लिहिलं की तो तुम्हाला मार्गदर्शकाचं पत्र मागतो. पत्राच्या जागी बँकेचं ओळखपत्र आणि प्रमाणपत्राची प्रत जोडा. बहुतेक ठिकाणी चालतं. न चाललं तर चहाच्या वेळेनंतर पुन्हा जा.

नाव शोधताना नदीच्या नावाने शोधा, देवीच्या नाही. आणि वडिलांच्या नावाकडे लक्ष ठेवा, आडनावाकडे कमी. त्या काळच्या याद्यांत आडनाव कधी असतं, कधी गावाचं नाव त्याच्या जागी येतं, आणि एकाच मुलीचं नाव तीन कागदांत तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. पदवीदानाची यादी सापडली की थांबू नका. मला विचाराल तर ती सगळ्यांत निरस यादी. माणूस सापडतो तो खर्चाच्या पानांवर. कोणाची फी माफ झाली, कोणाला पुस्तकांसाठी उसने दिले, आजारपणात दूध कोणाच्या खाती टाकलं. एका मुलीच्या नावापुढे सलग तीन महिने ‘तेल, अर्धा शेर, जादा’ असं मी वाचलंय. रात्री दिवा जाळून वाचत होती का केस मोठे होते, देव जाणे.

आणि वाळवी. आमच्याकडे १९३० च्या आसपासची पाच वर्षं वाळवीने खाल्ली, तेही मधोमध. दोन्ही कडा शाबूत, मध्ये बोगदा. तेव्हा एका ठिकाणी नाही म्हणाले तर निराश होऊ नका. छापलेला अहवाल चार ठिकाणी गेलेला असतो. पुण्यात गोखले संस्थेचं ग्रंथालय आहे, केसरीवाड्यात जुन्या अंकांच्या फाईली आहेत. कर्वेनगरला कर्व्यांच्या संस्थेच्या आवारात त्यांची झोपडी जपलेली आहे. कागद नाही मिळाला तरी ती पाहून या. अण्णांचं, म्हणजे कर्व्यांचं, ‘आत्मवृत्त’ वाचणार असाल तर पुढची वाढवलेली आवृत्ती शोधा. पहिली १९१५ ची, तिच्यात विद्यापीठ येणार कुठून?

शेवटचं. त्या धोब्याच्या चिठ्ठ्या. ताई, तुम्ही त्या उलटून पाहिल्यात का?


टॉवरखालचा :

रुमालकाकांनी इतकं लिहिलंय की मी फक्त शेपूट जोडतो.

मी मुंबई विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरांवर काम करतो. कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचं नाही. दरवर्षी छापला जाणारा जाडजूड ग्रंथ, त्यात नियम, नेमलेली पुस्तकं, उत्तीर्णांची नावं आणि प्रश्नपत्रिकासुद्धा. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची पहिली परीक्षा १८५९ मध्ये झाली. १३२ बसले, २२ पास झाले. १८६२ मध्ये पहिले चार बी.ए. झाले त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर. तेच भांडारकर चौपन्न वर्षांनी महिला विद्यापीठाचे पहिले कुलपती झाले. एका विद्यापीठाच्या पहिल्या यादीतलं नाव दुसऱ्या विद्यापीठाच्या पहिल्या कागदावर. मला हे फार आवडतं, म्हणून विषय नसताना सांगतो.

आणखी एक. राजाबाई टॉवरकडे बघून सगळे घड्याळाचे फोटो काढतात, खाली ग्रंथालय आहे हे निम्म्या मुंबईला माहीत नाही. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि टॉवरला आईचं नाव दिलं, राजाबाई. विठ्ठलदासांनीही आईचंच दिलं, नाथीबाई. कापसाच्या आणि गिरण्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या शहरातल्या दोन विद्यापीठांवर दोन आयांची नावं, आणि मुंबई विद्यापीठात मुलींना परीक्षेला बसायचा नियम व्हायला १८८३ उजाडलं.

कामाचं : काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालय आहे. तिथे सरकारच्या शिक्षण खात्याचे दस्त मिळतात. पण तुमच्या आजीचं विद्यापीठ तेव्हा सरकारमान्य नव्हतं. कायद्याने मान्यता १९५१ मध्ये आली. त्यामुळे सरकारी कागदांत ते आलंच तर ‘मान्यता द्यावी की नाही’ या पत्रव्यवहारात येईल, विद्यार्थिनींची नावं तिथे मिळणार नाहीत. ती विद्यापीठाच्या स्वतःच्या छापील अहवालांतच. घरच्यांनी चेष्टा का केली असेल त्याचंही उत्तर यातच आहे असं मला वाटतं. ती पदवी दाखवून सरकारी नोकरी मिळत नव्हती. तेव्हाच्या मध्यमवर्गात पदवीची किंमत एवढ्यावरच ठरायची.


नाशिकचा_नाना :

गृहीत/गृह मान्य. चूक झाली. शाळेत संस्कृतला १०० पैकी ४१ होते.


सांगलीकर_मुक्काम_डोंबिवली :

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. मार्चअखेर होती, बँकेतली माणसं समजून घेतील.

काका, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला तेव्हा मी लोकलमध्ये होते. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी डबा उघडला.

चिठ्ठ्या उलट्या टाचल्या होत्या. धोब्याचा हिशेब ही मागची बाजू. पुढच्या बाजूला छापील पावत्या आहेत. विद्यापीठाचं नाव, पावती क्रमांक, आणि हाताने लिहिलेलं ‘पदवीधर, वार्षिक वर्गणी, रु. ५’. नाव आजीचं. माहेरचं छापावं तसं आधी, आणि कंसात सासरचं. म्हणजे मी ज्या दोन नावांची गाठ कशी मारायची म्हणून रडत होते ती विद्यापीठाच्या कारकुनाने १९३१ मध्येच मारून ठेवली होती, आणि तो कागद आमच्याच माळ्यावर होता. वर धोतरं ४, लुगडी ३.

सतरा पावत्या. पहिली १९३१ ची, शेवटची १९४९ ची. मधली दोन सालं नाहीत, १९३८ आणि १९३९.

पुण्यालाही जाऊन आले. तुम्ही सांगितलंत तसा एक पानी अर्ज नेला. एका जुन्या ग्रंथालयात (नाव लिहीत नाही, पण या वेळी चांगलं लिहायला हरकत नव्हती) अहवालांचे बांधलेले खंड टेबलावर आणून दिले. पेन बाहेर ठेवायला लावलं, पेन्सिल दिली. तिसऱ्या खंडात, परीक्षांच्या निकालात, वरून सातवं नाव. नदीचं नाव, वडिलांचं नाव, आणि आडनावाच्या जागी गावाचं नाव. साल १९२५. कसरीने खाल्लेला आकडा पाच होता. आत्या म्हणते लग्न १९२६ चं, म्हणजे जुळलं.

नाव पाहिल्यावर खूप काही वाटेल असं धरून गेले होते. तसं काही झालं नाही. शेजारच्या टेबलावर एक मुलगा मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होता आणि मी त्याला विचारत होते, हे ‘र’ आहे की ‘न’? त्याने भिंग दिलं. रडू आलं ते परतीच्या बसमध्ये, आणि तेही त्या नावामुळे नाही, पाच रुपयांमुळे. आजोबा एका वकिलाकडे कारकून होते. महिना पंचेचाळीस रुपये पगार, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, कारण त्या पंचेचाळीसात सात माणसं कशी जगली ही आमच्या घरची आवडती गोष्ट. त्यातले पाच दरवर्षी ही बाई कुठे पाठवत होती? आणि का? पदवी तर मिळाली होती.


रुमाल_उलगडा :

ताई, आज माझी सकाळ चांगली गेली.

पाच रुपयांचं सांगतो. त्या विद्यापीठाला सुरुवातीला ना सरकारचं अनुदान, ना कुठला संस्थानिक पाठीशी. अण्णांनी लोकांकडून वर्गणी घेऊन ते चालवायचं ठरवलं, आणि नुसती वर्गणी घेतली नाही, बदल्यात मत दिलं. वर्षाची वर्गणी भरणाऱ्यांचे मतदारसंघ केले आणि त्या मतदारसंघांनी विद्यापीठाची सिनेट, म्हणजे कारभार ठरवणारी सभा, निवडायची. पदवीधर झालेल्या बायकाही त्यात. म्हणजे तुमच्या आजी पाच रुपये दान करत नव्हत्या. त्या मतदार होत्या. विद्यापीठ कसं चालावं यात त्यांचा आवाज होता आणि तो चालू ठेवायला दरवर्षी पावती फाडावी लागत होती.

दोन गोष्टी करा. ज्या वर्षांच्या पावत्या आहेत त्या वर्षांचे अहवाल पुन्हा मागवा आणि निकालाच्या याद्या सोडून मागच्या परिशिष्टात मतदारांच्या याद्या आहेत का बघा. असल्या तर आजींचं नाव तिथे असायला हवं. आणि १९३८-३९ च्या यादीतही बघा. पावती हरवलेली असू शकते. पावती नसणं आणि वर्गणी नसणं, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या धंद्यात यावरून मारामाऱ्या होतात.

फोटो काढाल तेव्हा आधी खंडाच्या कण्यावरचा क्रमांक आणि मुखपृष्ठ यांचा एक फोटो, मग पान. नाहीतर सहा महिन्यांनी मोबाईलमध्ये दोनशे पिवळी पानं आणि कुठलं कुठलं काही कळत नाही.

धोब्याचा हिशेबही जपा, ती बाजू कमी समजू नका. १९३० च्या दशकात सांगलीच्या एका कारकुनाच्या घरात आठवड्याला किती लुगडी धुवायला जात, हे कुठल्याही विद्यापीठाच्या दप्तरात मिळणार नाही.


टॉवरखालचा :

+१. आणि हे कधी तरी विद्यापीठाला दाखवा. मूळ कागद देऊ नका लगेच, स्कॅन द्या. एस.एन.डी.टी.मध्ये स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र १९७४ पासून आहे, देशातलं पहिलं. जुन्या विद्यार्थिनींच्या घरी पडलेले असे कागद हे कोणत्याही संस्थेच्या दप्तरातलं मोठं भोक असतं. संस्थेकडे पावतीपुस्तकाची स्थळप्रत असते, फाडून दिलेली पावती नसते.


सांगलीकर_मुक्काम_डोंबिवली :

काल मिरजेला आत्याला फोन केला. ती ९२ वर्षांची आहे, कान कमी, पण जुनं सगळं लख्ख. विचारलं, आत्या, आजी दरवर्षी पाच रुपये पाठवायची ते माहीत होतं का? म्हणाली, माहीत म्हणजे? दर वर्षी त्यावरून धुसफूस व्हायची. दादा (म्हणजे माझे आजोबा) म्हणायचे, पदवीचा उपयोग नाही आणि वर पैसे भरायचे. आणि आई म्हणायची, मला मत आहे, ते मी सोडणार नाही. मनीऑर्डर करायला ती स्वतः पोस्टात जायची, दादांना सांगायची नाही.

मग १९३८-३९ विचारलं. आत्या जरा थांबली. म्हणाली, तुझ्या बापाला विषमज्वर झाला होता ना तेव्हा. नऊ-दहा वर्षांचा होता. पाटल्या गेल्या त्यातच. दोन वर्षं घरात कोणी नवं लुगडं घेतलं नाही.

वडिलांनी आम्हाला टायफॉइडची गोष्ट शंभर वेळा सांगितली होती. डॉक्टर कसे टांग्यातून यायचे, बर्फ कुठून आणायचे. पावतीची नाही सांगितली. त्यांना माहीत नसणार. आम्ही सगळ्यांनीच तिला गृहीत धरलं, नाना, तुमच्या ४१ गुणांच्या संस्कृतात याला काय म्हणतात ते बघा.

मतदारांच्या याद्यांसाठी पुढच्या शनिवारी पुन्हा पुण्याला जातेय. भाऊही येतो म्हणालाय. फ्रेमसाठी त्याने फोटोच काढून घेतला.

एक शेवटची अडचण. सतरा पावत्यांना लावलेली टाचणी गंजून कागदाला चिकटली आहे. वरच्या तीन पावत्यांवर तपकिरी डाग पडलाय. स्कॅन करायचं तर सुट्या करायला हव्यात. ओढून काढू का?


रुमाल_उलगडा :

ओढू नका! गंज कागदात मुरलेला असतो, टाचणीबरोबर कागदाचा तुकडा येईल.

सपाट टेबलावर गठ्ठा ठेवा, उजेडात. त्या पॉलिएस्टरच्या पाकिटाची एक बारीक पट्टी कापा, बोटाएवढी. ती टाचणी आणि कागद यांच्या मधे हळू सरकवा, जिथे टाचणी कागदावर आडवी पडली आहे तिथे. मग गठ्ठा उलटा करा आणि मागच्या बाजूनेही तशीच दुसरी पट्टी. आता कागदावर गंज घासणार नाही. टाचणीचं डोकं धरून अगदी थोडी गोल फिरवा, चिकटलेली सुटली असं बोटाला कळतं. मग जशी आत गेली त्याच वाटेने मागे घ्या. घाई नको, एका टाचणीला दहा मिनिटं लागली तरी चालतील. पाणी, तेल, रॉकेल काही लावायचं नाही. डाग राहील, तो राहू द्या.

काढल्यावर क्रम बिघडू देऊ नका. पावत्या आजींनी ज्या क्रमाने लावल्या त्याच क्रमाने पेन्सिलीने कोपऱ्यात बारीक आकडे घाला, १ ते १७. सालाप्रमाणे लावू नका. आणि टाचणी टाकू नका, छोट्या पाकिटात घालून डब्यातच ठेवा.